घरं आधी, बस नंतर

"या थांब्यावर बस येत नाही हो!"

तिने वळून पाहिलं. भुरभुर पावसात छत्री तिरकी धरून एक उंच, सावळा तरुण हसत उभा होता.

"पाटी तर आहे..."

"पाटी बिल्डरने लावली. बस मी लावायची. मी महापालिकेच्या परिवहन विभागात बसचे मार्ग आखतो. पण इतक्या आडबाजूला ही वसाहत कुणी टाकली, देव जाणे!"

ती ओशाळली. "मी... म्हणजे, मीच. नगररचना, तिसरा मजला."

"अरेच्चा! मी पहिल्या मजल्यावर—आणि भेटायला आपण इथं आलो?"

चिखल तुडवत दोघं एकाच छत्रीतून मोठ्या रस्त्यापर्यंत गेले. दोघांचा एकेक खांदा भिजला.

मग त्याचे नकाशे तिच्या टेबलावर येऊ लागले. तिची घरं, त्याचे मार्ग... कागद एकावर एक ठेवले, की माणसं कुठं अडकलीत ते लख्ख दिसे. दोघांनी नवा आराखडा रचला: वसाहतीला थेट बस, तिथंच दवाखाना, आणि पुढची सगळी घरं स्टेशनलगत.

"तुमच्या रेघा फार हट्टी," तो चिडवायचा.

"आणि तुमच्या बसला वळणंच फार!"

'तुमची'चं 'तुझी' कधी झालं, कळलंच नाही.

तो त्याच वसाहतीत आईसोबत राहायचा. आठवड्यातून तीनदा आईला डायलिसिससाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावं लागे. हल्ली परतताना रस्त्यातच तिला ग्लानी यायची.

महापालिकेच्या मंजुरी समितीने आराखडा वर्षभर पुढे ढकलला. त्या संध्याकाळी तो तिच्या टेबलाशी आला.

"ताईच्या घरासमोरच इस्पितळ आहे," तो हळूच म्हणाला. "तिच्या गावी जातोय. आईच्यानं वर्षभर हा प्रवास निभायचा नाही गं... तू येशील? कायमची?"

घशाशी आलेलं 'हो' तिने गिळलं.

"माझा जीव आहे तुझ्यावर... पण मी गेले, तर आराखडा धूळ खात पडेल. वसाहतीत अशा कितीतरी आया आहेत रे. त्यांना तिथं मीच नेऊन टाकलंय."

त्याने तिचा हात घट्ट धरला—आणि सावकाश सोडला.

रविवारी टेम्पो भरला. पुढच्या सीटवरून आईने तिच्या गालावरून हात फिरवला. "पोरी, तूही चल की."

तिने आईची शाल नीट केली. टेम्पो खड्ड्यांतून हळूहळू दूर गेला.

सोमवारी सकाळी ती समितीच्या अध्यक्षांच्या दारात उभी होती. डोळे सुजलेले, आवाज मात्र ठाम.

"साहेब, वर्षभर थांबता येणार नाही."