चारही टायर एकाच मापाचे

पंडितने पहिल्याच भेटीत कोकिळाच्या दुकानातली टायरची रास पाडली आणि वर तिच्याकडेच बघून हसला. आता अशा माणसाला काय म्हणावं!

झालं ते असं. अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना. जळगावच्या नेरी नाक्याजवळ पितांबरनानांचं टायरचं दुकान होतं. नानांची कंबर धरल्यापासून गल्ल्यावर त्यांची मुलगी कोकिळा बसायची. एक जुनाट जीप घुरघुरत मागे मागे आली आणि दारात रचलेल्या टायरांना टेकली. वरचा टायर सुटला, रस्ता ओलांडून गेला आणि सरळ समोरच्या रसवंतीत शिरला.

“अहो! आरशात बघता की आकाशात?” कोकिळा पायऱ्या उतरून धावली.

“आरसाच नाहीये गाडीला.”

“मान तर आहे ना? ती वळवायची!”

तो खरंच मान खाली घालून रस्ता ओलांडून गेला. परत आला तेव्हा एका हाताने टायर ढकलत होता आणि दुसऱ्या हातात उसाच्या रसाचा काठोकाठ भरलेला पेला होता. एक थेंबही सांडला नव्हता.

“हे काय?”

“दंड.”

कोकिळाला हसायचं नव्हतं. पण उन्हाने घसा कोरडा पडला होता आणि समोरचा माणूस घामाने निथळत असूनही इतका निवांत उभा होता... ती हसली. रसही प्यायली.

पंडित चोपड्याकडचा. घरची केळी होती, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी नव्याने घेतलेली जमीन. तिथे जायला आधी दगडगोट्यांचा नाला, पुढे काळ्या मातीची वाट. म्हणून त्याच्या वडिलांनी, अभिमनआबांनी, लष्कराच्या लिलावातून निघालेली ही फोर-व्हील जीप आणली होती. पण नाल्यातला दगड पोटाला लागायचा, आणि गुळगुळीत टायर चिखलात नुसतेच फिरायचे.

“मला गाडी उंच करायचीय,” पंडित म्हणाला, “आणि टायर असे पाहिजेत की कुठंही अडायला नको.”

“असा टायर अजून निघाला नाही.” कोकिळा कोपराने पदर सावरत जीपखाली वाकून बघत होती. “डांबरी रस्त्यावर किती चालते आणि चिखलात किती?”

“डांबरीच जास्त. चिखल पावसाळ्यात, तोही शेताच्या वाटेवर.”

“मग ट्रॅक्टरसारखे खोल बटनचे, म्हणजे खोल खाचांचे, नकोत. रस्त्यावर घरघर करतील आणि बघता बघता झिजतील. मध्यम बटन घ्या. आणि जुन्यावर नवं रबर चढवलेला रिमोल्ड तर बिलकूल नको, नाल्यातल्या दगडाने त्याची वरची साल निघेल. सहा-सोळा मापाच्या जागी सात-सोळा बसवा, चारही. तेवढ्यानेच पोट थोडं वर येईल.”

“आणि उरलेली उंची?”

“चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक पाटा वाढवा, पुढे-मागे सारखा. नवीन सामान लागत नाही, आमच्या मागच्या गल्लीतला मिस्त्री जुन्यातून बघून देईल. पण अति उंच करू नका. वळणावर आडवी पडली की कोण उचलणार?”

“तुम्ही नाही येणार उचलायला?”

“मी टायर विकते,” ती म्हणाली आणि गल्ल्यामागे जाऊन बसली. कान मात्र गरम झाले होते, ते काही मे महिन्याने नव्हे.

पाटे त्याच आठवड्यात वाढवले गेले. टायर घ्यायला आबा स्वतः येणार होते, कारण त्या घरात मोठी खरेदी आबांशिवाय व्हायची नाही. खरं सांगायचं तर त्या घरात आबांशिवाय काहीच व्हायचं नाही. तोवर पंडितला जळगावात फार कामं निघायला लागली. कधी ट्यूबचा व्हॉल्व्ह, कधी चाकाचा नट. एकदा तर पुसायला फडकं मागायला आला, चोपड्याहून!

“चोपड्यात फडकी मिळत नाहीत?” कोकिळाने विचारलं.

“मिळतात. पण ती देणारं माणूस असं भांडत नाही.”

आषाढातल्या एका भुरभुरत्या सकाळी मात्र तो तक्रार घेऊनच आला. केसांवर पावसाचे बारीक थेंब, चेहरा गंभीर.

“तुमच्या पाट्यांनी आमच्या घरात भांडण लावलंय. आई जीपमध्ये बसेना. म्हणते, हाडं खिळखिळी झाली, बैलगाडी बरी.”

कोकिळा उठली, मागच्या पाट्यावर हात दाबून बघितला. पाटा जरासुद्धा लवला नाही. फार जाड होता, एखाद्या ट्रकचाच असावा. मिस्त्रीने दिला आणि तिने न बघता पाठवून दिला होता.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “मी उभं राहून बघायला पाहिजे होतं. हे काढू आणि तुमचेच जुने पाटे भट्टीत घालून कमान वाढवून घेऊ. उंचीही मिळेल आणि आईही बसतील.”

पंडित तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या घरात “चुकलं माझं” हे शब्द त्याने मोठ्या माणसाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

“काय बघता?”

“काही नाही... असं लगेच कबूल करता येतं, माहीत नव्हतं.”

त्या दिवशी मिस्त्रीच्या भट्टीपाशी दोघं बराच वेळ उभी होती. लाल झालेल्या पाट्यावर घण पडत होता, बाहेर पाऊस भुरभुरत होता, आणि भट्टीच्या उजेडात तिच्या कपाळावरची बट सोनेरी दिसत होती. ती बट मागे सारावी असं त्याला फार वाटलं. त्याने हात खिशात घातले.

“धुळ्याचं एक स्थळ आलंय,” कोकिळा अचानक म्हणाली. “पतपेढीत नोकरी आहे. माणसं चांगली आहेत. फक्त लग्नानंतर दुकानात बसायचं नाही म्हणतात.”

“मग... तुम्ही काय म्हणालात?”

“मला कुणी विचारलंच नाही अजून.”

“मी विचारतो. म्हणजे... आबांना आधी आणतो. टायर घ्यायचेच आहेत. टायरच्या निमित्ताने ते तुला बघतील. तुला—तुम्हाला.”

“तुला चालेल,” ती हळूच म्हणाली.

तर अशी ती टायरखरेदी ठरली. आपल्याकडे मुलगी बघायला लोक नातलगाच्या बारशाला जातात, बाजाराला जातात. आबा टायरच्या दुकानात निघाले होते. नानांनाही कुणकुण होती. कंबरेला पट्टा बांधून ते दुकानात येऊन बसले आणि लेकीला म्हणाले, “कोकी, आज गिऱ्हाईक मागेल ते दे. शहाणपणा नको.”

आबा आले. पांढरी टोपी, भरघोस मिशा, हातात छत्री. कोकिळाने चहा दिला. आबांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, आणि चेहऱ्यावरून तरी पसंत पडल्यासारखं दिसलं. पंडितचा जीव भांड्यात पडला. मग आबांनी छत्रीने टायरकडे बोट केलं.

“ते मोठं दोन दे, बेटा. मागे लावाले.”

“आणि पुढे, आबा?”

“पुढे जुनंच ऱ्हाऊ दे. ट्रॅक्टरनं कसं ऱ्हास? मागे मोठं, पुढे ल्हान. जोर मागेच लागस.”

कोकिळाच्या हातातली बशी वाजली. “आबा, ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. त्याची बांधणीच तशी असते. ही फोर-व्हील आहे, पुढची-मागची चाकं आतून एकाच गिअरला जोडलेली. माप वेगळं झालं तर पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरं. चिखलात घसरून भागेल, पण डांबरीवर फोर-व्हीलचा दांडा अडकून बसेल, आतलं सामान तुटेल.”

“पस्तीस वरीसपाइन गाड्या हाकी ऱ्हायनू मी,” आबा म्हणाले. आवाज अजून मऊ होता. “तू दोन दे.”

नाना खोकले. कोकिळाने पंडितकडे बघितलं. चारही टायर एकाच मापाचे हवेत हे तिने त्याला मे महिन्यातच सांगितलं होतं, आणि त्याला पटलंही होतं. त्याने फक्त एवढंच म्हणायचं होतं, ‘आबा, ती बरोबर बोलतेय.’ पंडित आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता.

दोन टायर दिले असते तर सोयरीक जमली असती. हे तिला समजत नव्हतं असं नाही, चांगलं समजत होतं.

“मी नाही देणार, आबा,” ती म्हणाली. “चार घ्या, नाहीतर एकही नको.”

आबा उठले. नाक्यापलीकडच्या दुकानातून दोन टायर घेतले, मागे लावले आणि निघून गेले. पंडित गाडी चालवत होता. जाताना त्याने एकदाच वळून बघितलं, आणि कोकिळाने शटरकडे तोंड फिरवलं.

चार दिवसांनी तो एकटा आला.

“कोकिळा...”

“टायरचं दुःख नाही मला,” ती म्हणाली. डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती. “आबांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी मागितलं. तुला माहीत होतं. मग मूग गिळून का बसलास?”

“आबांपुढे आजवर कुणी—”

“उद्या मी तुझ्या घरात आले आणि एखादी गोष्ट बरोबर बोलले, तेव्हाही तू असाच चपलेकडे बघशील. मला तू आवडतोस, पंडित. फार आवडतोस. पण अशा माणसाजवळ मला भीती वाटेल.”

तो गेला, आणि कोकिळाने घरी येऊन सांगितलं, “नाना, धुळ्याला हो म्हणा.”

ती रडली का? रडली की. दुसऱ्या दिवशी दुकान मात्र वेळेवर उघडलं.

धुळ्याला शब्द द्यायला जायचा दिवस श्रावणातला एक गुरुवार ठरला. नाना कोट-टोपी चढवून, पिशवीत नारळ घेऊन दुकानाच्या पायरीवर बसले होते. बाराची एसटी होती. ऊन-पावसाचा खेळ चालला होता, रस्ता क्षणात ओला, क्षणात लख्ख. तेवढ्यात नाक्यावरून ओळखीची घुरघुर आली. कोकिळाने गल्ल्यात डोकं खुपसलं.

जीप दारात थांबली. पुढचे टायर पार सोलून निघाले होते. आबा उतरले. धोतराला चिखल, टोपीला वंगण. पंडितचे हात तर कोपरापर्यंत काळे होते.

“विदगावच्या पुलाजवळ दांडा अडकला,” पंडित म्हणाला. त्याने नमस्कारही केला नाही, सरळ बोलायलाच लागला. “गाडी पुढे जाईना, मागे जाईना. एक चाक जॅकवर उचललं तेव्हा ते धाडकन उलटं फिरलं आणि दांडा सुटला. आबा बाजूलाच उभे होते.”

“मंग नीट व्हयनं ना?” आबा गुरगुरले. “आते टायर घे आनि चाल.”

“नाही आबा.”

आबांनी मान वळवली. पंडितचा आवाज कापत होता, पण तो थांबला नाही.

“टायर नंतर. त्या दिवशी ही खरं बोलत होती. मला माहीत होतं ती खरं बोलतेय, आणि मी तुम्हाला घाबरून गप्प बसलो. चूक तुमची कमी, माझी जास्त आहे. मला हिच्याशी लग्न करायचंय, आबा. तुम्ही मागणी घातली तर फार बरं वाटेल. नाही घातली, तर नाना समोरच बसलेत, मीच घालतो.”

रसवंतीचं चाक फिरायचं थांबलं. नानांच्या पिशवीतला नारळ बाहेर डोकावत होता. कोकिळा गल्ल्यामागून उठून उभी राहिली होती, ते तिचं तिलाच कळलं नाही.

आबांनी टोपी काढली. कपाळ पुसलं. मग पायरीवर नानांच्या शेजारी जड अंगाने बसले.

“सारा रस्ताभर हाऊ असाच बोलत वना,” ते नानांना म्हणाले. “माले वाटनं, तुन्हा दारमा येवावर गप व्हई जाई. नही व्हयना.” मग त्यांनी कोकिळाकडे बघितलं. “बेटा, मन्ही चूक व्हयनी. त्या दिनले तू बरोबर व्हती.”

पंडितने चमकून वडिलांकडे पाहिलं.

“धुळ्याची माणसं चांगली आहेत,” नाना पुटपुटले. “आज येतो म्हणून निरोप धाडलाय मी.”

“मग जा, नाना,” कोकिळा म्हणाली. “समोर बसून माफी मागून या. सांगा, मुलगीच नको म्हणाली. माझं नाव घ्या, तुमच्यावर घेऊ नका.”

“आणि यांना काय सांगू?” नानांनी आबांकडे मान हलवली.

ती पायऱ्या उतरली आणि पंडितसमोर उभी राहिली. या माणसाला भीती वाटते, आणि तरी तो बोलला. तिला तेवढंच हवं होतं.

“घाबरला होतास?”

“अजून घाबरलोय.”

“मग हात दे,” ती म्हणाली, आणि भर नाक्यावर, दोन्ही वडिलांच्या देखत, वंगणाने माखलेला त्याचा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला. “हो म्हणून सांगा, नाना.”

आबा मिशीतल्या मिशीत हसले. “मन्हापुढे घरमा कोनी तोंड उघडत नही व्हतं,” ते नानांना म्हणाले. “आते दोन व्हई गयात. कसं व्हई मन्हं?”