वाटेवरचा चौथा

आष्टीला बदली झाल्याचं अंगदनं सांगितलं तेव्हा साधना पोळ्या लाटत होती. पुढची पोळी तिनं एवढी लाटली की पोळपाटाच्या बाहेर गेली.

आष्टी काही वाईट गाव नव्हे. मोठा बाजार आहे, शाळा आहे, दवाखाना आहे आणि अंगद ज्याचा साहेब होऊन आला ते वीज उपकेंद्रही आहे. पण संभाजीनगरात क्लासमध्ये दहावीच्या मुलींना गणित शिकवणाऱ्या बाईनं बाजाराचा दिवस सोडून बाकीचे दिवस तिथं काय करायचं? क्लासच्या मालकीणबाई हुशार होत्या. त्यांनी साधनाची जागा दसऱ्यापर्यंत धरून ठेवली होती. मग नवराबायकोत तह झाला. दर रविवारी अंगदनं नव्या गाडीतून तिला जिल्हा दाखवायचा. दसऱ्यापर्यंत मन रमलं तर ठीक, नाही तर ती परत जाणार, आणि अंगदनं एकट्यानं वरणभाताचा कुकर लावायचा.

अंगदला कुकर लावता येत होता. साधनाशिवाय राहता येत नव्हतं. आणि हे तिला तोंडानं सांगणं त्याला जन्मात जमलेलं नव्हतं. ट्रान्सफॉर्मर का जळाला यावर तो तासभर बोलू शकायचा, पण बायकोशी मनातलं बोलायची वेळ आली की तो उठून फ्यूज तपासायला जायचा.

गाडीत तिसरी दैवशाला आत्या. अंगदला तिनंच लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे तिला घरी ठेवून फिरायला जायची कुणाची छाती नव्हती. पहिल्याच रविवारी ती दारात अडून उभी राहिली. तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघांनी म्हणून घराबाहेर पडायचं नाही. पडायचंच असेल तर अंगणातला एक खडा चौथा म्हणून बरोबर घ्यायचा, आणि परत आल्यावर जागच्या जागी ठेवायचा. अंगद हो म्हणाला आणि त्यानं काही घेतलं नाही. एक तर भाड्याच्या घराच्या अंगणात सगळी फरशी, खडा आणायचा कुठून? आणि दुसरं म्हणजे, हजारो व्होल्टच्या तारांखाली पोट भरणाऱ्या माणसानं खड्याला घाबरायचं म्हणजे फार झालं.

कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरी करत ते शहागडच्या अलीकडे आले. दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागला होता, मोसंबीच्या बागा हिरव्यागार होत्या, आणि साधना मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. तेवढ्यात आत्याला आठवण झाली.

"अंगद, चौथा कुठंय?"

"डिक्कीत ठेवलाय."

"डिक्कीत? त्यो काय सामान हाय का? आण इकडं, माझ्याजवळ बसू दे."

झालं. साहेबांनी गाडी बाजूला घेतली, डिक्की उघडून तिच्या आडोशाला उभे राहिले आणि आसपास नजर टाकली. रस्त्याकडेला किलोमीटरचा दगड होता, आणि त्याच्या डोक्यावर कुणीतरी नीट ठेवल्यासारखा एक काळा, गुळगुळीत खडा, मोसंबीएवढा. ऊन मी म्हणत होतं, तरी तो हाताला गार लागला. अंगदनं तो आत्याच्या हवाली केला. आत्यानं तो शेजारच्या सीटवर ठेवला, आणि गाडी सुरू होताच पट्ट्याचा बीप-बीप आवाज सुरू झाला. मागच्या सीटवर कुणीतरी पट्टा न लावता बसलं आहे, असं गाडीचं म्हणणं होतं.

अंगदनं लगेच सांगितलं की सीटखाली वजनावर चालणारं एक यंत्र असतं, ते वजनानं दाबलं जातं. साधनानं मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि विचारलं की मग आत्यांची भरलेली पिशवी मघापासून तिथंच होती, तेव्हा ते का नाही दाबलं गेलं? उत्तर आत्याकडे होतं. तिनं खड्याला पट्टा लावला. आवाज बंद झाला. साधना इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आष्टीला आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, आणि अंगदला त्या खड्याचे पाय धरावेसे वाटले.

शहागडला पुलाजवळ तातेरावांचं हॉटेल होतं. मालक स्वतःच चहा घेऊन आले. चार कप. अंगदनं सांगितलं, आम्ही तिघंच. तातेरावांनी चौथ्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर आत्यानं खडा ठेवला होता.

"बराबर," ते म्हणाले, आणि चौथा कप उचलायला गेले. तो रिकामा होता. साधनाचा संशय आत्यावर, पण आत्यानं पित्तामुळे चहा कधीच सोडलेला. तिच्यासमोरचा कप तसाच भरलेला होता.

घरी आल्यावर खडा ठेवायचा कुठं हा प्रश्न पडला. अंगणात सगळी फरशी, तेव्हा खडा दारापुढच्या कुंडीतलाच, अशी आत्याची समजूत होती. पण ती म्हणाली, एवढं मोठं माणूस कुंडीत कशाला, दसऱ्यापर्यंत दर रविवारचंच जाणंयेणं आहे, बसू दे खिडकीत. तिनं तो पदरानं पुसला आणि खिडकीत ठेवला, तोंड रस्त्याकडे करून. पाहुण्याला रस्ता दिसला पाहिजे, म्हणाली. दगडाला तोंड कुठलं, असं अंगदनं विचारलं तेव्हा तिनं बोटानं दाखवलं. एकदा दाखवल्यावर ते दिसायला लागलं, ही त्यातली वाईट गोष्ट.

मग रविवार मजेत जायला लागले. राजूरच्या गणपतीला गेले. तिथं फोटो काढून देणाऱ्या भल्या माणसानं अंगदला हातानं खूण केली, की जरा बाजूला व्हा, मागचे दिसत नाहीत. केदारखेड्याच्या पुलावर गाडी थांबवून मोसंबी खाल्ली. आत्या फोडी सोलून एक आपल्या तोंडात, एक शेजारी अशी ठेवत गेली. गाडी झाडताना अंगदला बिया सापडल्या. फोडी नाही सापडल्या.

आत्याला यात काही वावगं वाटत नव्हतं. पाहुणा खाणारच. साधनालाही वाटत नव्हतं, आणि हे जास्त अवघड होतं. ती आता मोबाइल घरीच विसरायची. गल्लीतल्या मुली तिच्याकडे गणित शिकायला यायला लागल्या होत्या. गाडीत ती पुढं बसून अधूनमधून मागं वळायची आणि म्हणायची, "हो ना, मलाही तसंच वाटलं." आत्या तेव्हा तोंड उघडं टाकून घोरत असायची.

अंगदनं गॅरेजमध्ये नेऊन सीटखालचं ते यंत्रच काढून टाकायला लावलं. पुढच्या रविवारी पट्ट्याचा आवाज आलाच. त्यानं शॉर्टसर्किट ठरवून टाकलं. माणसाला आपल्या धंद्यातलं एखादं कारण सापडलं की किती बरं वाटतं.

एके दिवशी सकाळी खड्याचं तोंड रस्त्याकडे नव्हतं. स्वयंपाकघराकडे होतं. आत साधना गुणगुणत भाजी चिरत होती. अंगदनं त्याला पुन्हा रस्त्याकडे फिरवलं, जरा जोरातच.

दसरा तोंडावर आला तेव्हा साधनानं आपणहून विषय काढला. क्लासला काय कळवायचं याचा ती विचार करत होती, आणि बहुतेक येत नाही असंच कळवेन म्हणत होती. अंगदनं जीव मुठीत धरून विचारलं, असं कशामुळे?

"तुम्ही परवा गाडीत बोललात त्यामुळे," ती म्हणाली आणि चक्क लाजली. "माझ्याशिवाय तुम्हाला करमत नाही म्हणून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच म्हणालात."

अंगदला परवाचा प्रवास आठवला. घनसावंगीपासून आष्टीपर्यंत तो गाडीच्या बॅटरीबद्दल बोलला होता.

"मी म्हणालो?"

"मग कोण? मागून इतक्या हळू म्हणालात, की आधी ऐकूच आलं नाही."

"साधना, मी गाडी चालवत होतो."

तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग हसून त्याच्या हातावर चापट मारली. अंगदही हसला. म्हणजे ती राहणार होती, आणि ज्या वाक्यासाठी राहणार होती ते त्याचं नव्हतं. खरं तर त्याचंच होतं. नुसतं त्यानं ते म्हटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तो आत्याजवळ जाऊन बसला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की असा खडा वाटेतला उचलला तर चालतो का?

"बिलकुल न्हाई," आत्या वाती वळत म्हणाली. "वाटंवरचा खडा कुणाचा तरी चौथा असतोय. त्यान्ला घरी न्यायचं जीवावर आलं, मंग दिला टाकून तिथंच. त्याला घर पाहिजे असतंय, बाबा. आपला घरचा हाय म्हणून बरंय."

"आणि उचललाच तर?"

"तर जिथनं आणला तिथं नेऊन ठेवायचा. तिघांनी आणला तर तिघांनीच न्यायचा. एकट्यानं न्हाई." तिनं मान वर केली. "का रं?"

"काही नाही," अंगद म्हणाला.

तिघांनी न्यायचा म्हणजे आधी खोटं बोलल्याची कबुली आली, आणि साधनाला सांगणंही आलं की गाडीत बोललं ते मी नव्हे. दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्यानं लाइनवर काम असल्याची थाप मारली, खिडकीतला खडा रुमालात गुंडाळला आणि एकटाच निघाला.

खड्याला त्यानं पुढं, साधनाच्या जागेवर ठेवलं. आवाज नको म्हणून पट्टाही लावला.

तीर्थपुरीपर्यंत दोघंही समोरचा रस्ता बघत बसले.

पुढं मात्र अंगदनं तोंड उघडलं. आधी साहेबी आवाजात, मग साध्या. त्यानं खड्याला समजावलं की बायको माझी आहे, घर माझं आहे, आणि जे बोलायचं ते आता मीच बोलणार आहे. मग तो रस्ताभर तेच वाक्य घोकत राहिला. साधना, तुझ्याशिवाय मला करमत नाही. म्हणायला किती सोपं होतं. त्याला स्वतःचंच हसू आलं.

किलोमीटरचा दगड तिथंच होता. अंगदनं खडा त्याच्या डोक्यावर ठेवला, राम राम घातला आणि मागं न बघता गाडीत बसला.

आज तो हाताला गार लागला नव्हता, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

तातेरावांच्या हॉटेलात तो चहासाठी बसला. तातेराव फडकं घेऊन आले, त्याच्यासमोरचं टेबल पुसलं आणि निघून गेले. थोड्या वेळानं पुन्हा येऊन पुन्हा पुसलं. सणाची गर्दी होती, माणूस तरी कुठं कुठं बघणार. अंगद चहा न पिताच उठला.

परतीच्या वाटेवर तो पट्टा लावायला विसरला. बऱ्याच अंतरानंतर त्याच्या ध्यानात आलं की गाडीनं आवाज केला नाही. सुटली एकदाची ती वायर, असं म्हणून त्याला फार हलकं वाटलं.

आष्टीत पोचला तेव्हा दिवस मावळत होता. दाराशी झेंडूच्या पाकळ्या सांडल्या होत्या. खिडकी रिकामी होती. आतून साधनाचा आवाज आला.

"कळवून टाकलं हो क्लासला. मी इथंच राहणार."

अंगद पायरीवरच थांबला. त्यानं मनातल्या मनात वाक्य एकदा म्हणून पाहिलं, आणि आत्याला हाक मारली.

आत्यानं दार उघडलं. गल्लीत इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"अगं बाई. ह्यो इथं कसा?"

"कोण आहे, आत्या?" आतून कुणीतरी विचारलं. आवाज ओळखीचा होता. रोज दाढी करताना गुणगुणायचा तेव्हा अंगद ऐकायचा तो, स्वतःचाच.

"कुणी न्हाई रं, अंगद. आपला चौथा पायरीवर पडल्ता."

"असू दे, आत आण. उद्या राजूरला जायचंय, लागेल."

साधना हसली.

तेव्हा पायरीवरच्या अंगदनं ते वाक्य म्हटलं. मोठ्यानं, स्पष्ट, एकही शब्द न गाळता.

"गारठलाय की," आत्या म्हणाली. तिच्या तळहाताला झेंडूचा वास होता. तिनं त्याला पदरानं पुसलं आणि खिडकीत ठेवलं, तोंड रस्त्याकडे करून.