अकरावा अंक

आपल्या वहीत कुणी डोकावलेलं अवनीला मुळीच खपत नसे. पण अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या सकाळच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी तरुणाने सरळ वहीवर बोट ठेवलं.

"पाच पाचव्याच जागेवर बसन, मॅडम."

आणि ते बरोबर होतं.

अवनी अकोल्याच्या कॉलेजात गणित शिकवायची, रोज अपडाऊन करायची. मुलांसाठी कोडं तयार करत होती. एक ते नऊ, प्रत्येक अंक एकदाच. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनाने भाग जायला हवा, पहिल्या तिनांच्या संख्येला तिनाने... असं करत करत पूर्ण संख्येला नवाने. अशी संख्या जगात एकच.

तो शिवम. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत कामाला.

"रोज एकच अंक काढू," तो म्हणाला. "नाहीतर उद्या बोलाले काय उरन?"

अवनीने घरी जाऊन अख्खी संख्या सोडवली आणि चकार शब्द काढला नाही. वहीत रोज एकेक अंक बसू लागला... तीन, आठ, एक, सहा, पाच, चार. शिवम तिच्यासाठी खिडकी धरून ठेवू लागला. मूर्तिजापूर आलं की उतरून चहा आणू लागला. चहा देताना बोटं लागायची, आणि दोघंही बाहेर बघायचे.

सहाव्या दिवशी तो म्हणाला, "इथलं काम संपत आलं माह्यं. शनिवारी अचलपूरले चाललो. घरची संत्र्याची बाग पाहाले."

त्यानंतर सातवा अंक काही सापडेना.

"दोन, सात, नऊ... तीनच त उरले. तुमाले चार दिस लागून राहिले?"

चोराच्या मनात चांदणं! अवनीने वही मिटली. "तुम्हाला फार घाई आहे का?"

"मले नाही," तो हळूच म्हणाला. "शनिवारले हाये."

शुक्रवारी तिने एका दमात लिहून टाकलं... सात, दोन, नऊ.

"झालं मंग," शिवम म्हणाला. त्याचा आवाज पार उतरला होता.

"शून्य राहिलं." तिने शून्य लिहिलं. "दहाने भाग जातो."

"आन् अकरावा? सारे अंक त संपले."

अवनीने सहा लिहिला.

"सहा आधीच येऊन गेला, मॅडम."

"गेलेला परत येऊ शकतो. कोडं माझं आहे, नियम मी बदलला."

शिवमने एकाआड एक अंकांची बेरीज केली. एकतीस आणि वीस. फरक अकरा. म्हणजे अख्ख्या संख्येला अकराने भाग जात होता. तो वहीकडे बघतच राहिला.

अवनी त्याच्याकडे वळली. "शिवम, मला तू आवडतोस. फार. अचलपूरला जा, पण परत ये."

बस बडनेऱ्याला थांबली, माणसं चढली, उतरली.

"येतो," तो शेवटी म्हणाला. "बाबाले घिऊन येऊ, का एकटाच?"

"आधी एकटाच ये," अवनी म्हणाली. "रविवारी."