कागदाची मागची बाजू

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. माझी आत्या चार शिव्या घालेल, पण थाप मारणार नाही.

हे घडलं एका मंगळवारी, भर दुपारी तीन वाजता, तिच्या कॉम्प्युटर क्लासच्या खोलीत.

आत्या नवशिक्यांना प्रोग्रामिंग शिकवते. प्रोग्रामने काय करायचं ते आधी साध्या शब्दांत लिहायचं. ते वर्णन ती एआयला देते. एआयने आधी आपल्याला काय समजलं ते सांगायचं, मग प्रोग्राम लिहायचा. वर्णन धड नसेल तर सगळ्यांसमोर फजिती.

त्या बॅचमध्ये एक म्हातारे शिंपीकाका होते. टायपिंगच्या नावाने बोंब, म्हणून वर्णन कागदावर लिहून आणायचे.

एकदा आत्या घाईत होती. तिने त्यांच्या कागदावरच्या वरच्या चार ओळी टाइप केल्या. पडद्यावर भलतंच काहीतरी आलं. वर्ग खो खो हसला.

आत्याही हसली.

"काका, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"बाई, मागच्या बाजूला..." काका पुटपुटले.

"उद्या बघू," म्हणत आत्याने कागद कपाटात टाकला.

काका दुसऱ्या दिवशी आले नाहीत. नंतरही नाहीत. दहाव्या दिवशी कळलं, झोपेतच गेले.

आणि मग तो मंगळवार...

एका मुलीने वाचनालयातल्या पुस्तकांच्या यादीचं वर्णन लिहिलं होतं. सहा सुटसुटीत वाक्यं. आत्याने ती एआयला दिली.

उत्तर उमटलं...

"मला समजलं ते असं. पत्नीची नजर जात चालली आहे, पण हात अजून चालतात. तिने गिऱ्हाइकाचं नाव घेतलं की प्रोग्रामने मापं मोठ्याने वाचावीत. मी गेल्यावर दुकान तिलाच चालवायचं आहे."

"बाई, हे माझं नाही," मुलगी म्हणाली.

आत्याने सगळं पुसून पुन्हा दिलं. तेच.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर दिलं. तेच, शब्दन्‌शब्द.

डोक्यावरचा पंखा फिरत होता. त्याचा आवाज मात्र येत नव्हता...

आत्याने कपाटातून काकांचा कागद काढला आणि उलटा केला.

मागे बारीक अक्षर. तीच वाक्यं, त्याच क्रमाने. ही बाजू कधी कोणी टाइपच केली नव्हती.

आत्या म्हणते, भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकं स्वच्छ वर्णन तिच्या वर्गात आजवर कोणी लिहिलं नव्हतं, आणि तिने ते वाचलंच नव्हतं.

दोन दिवसांत तिने तो प्रोग्राम करून घेतला, एका जुन्या फोनवर घातला आणि काकांच्या घरी गेली. काकूंनी भिंत चाचपत दार उघडलं. आतल्या खोलीत शिलाई मशीन चालू होतं.

"मी क्लासची बाई. काकांच्या बाबतीत माझी फार मोठी चूक झाली..."

"तुमची कसली चूक? आमचे हे म्हणतात, बाई हुशार आहेत, माझंच लिहिणं धड नव्हतं."

"कधी म्हणाले?"

"आत्ताच की. जेवताना."

आतलं मशीन थांबलं...

आत्याने फोन काकूंच्या हातात कोंबला आणि चपला हातात घेऊन पळत सुटली.

"काकांची माफी मागितलीस की नाही?" मी विचारलं.



"आत बघायची हिंमतच झाली नाही रे. अजून मागितलेली नाही."