विकीच्या गाडीला लागलेली धाप

ही ऐकीव गोष्ट नाही. त्या गाडीत मी स्वतः होते आणि माझी मुलगी रुचिराही. 

गेल्या ऑगस्टमधली दुपार. आम्ही घाटकोपरला राहतो, रुचिराची शाळा मुलुंडला. सकाळपासून पाऊस कोसळत होता. शाळेची बस निघणार नाही असा मेसेज आला, म्हणून माझा दीर विकी आणि मी तिला आणायला निघालो.

विकीला गाडीचं भारी वेड. कंपनीचा एअर फिल्टर काढून त्याने बाहेरून कोल्ड एअर इनटेक बसवून घेतला होता. म्हणजे एक चकचकीत पाइप आणि टोकाला उघडा फिल्टर, पार खाली बंपरच्या मागे. इंजिनाला थंड हवा मिळते म्हणे. रेस दिली की तो सूंऽऽ करून हवा ओढायचा आणि हा खूश.

"अरे, रस्त्यात पाणी असलं तर? पाणीच ओढेल ना तो! इंजिनाची वाट लागेल."

"टेन्शन नको घेऊ वहिनी. कव्हर घातलंय त्याला. एकदम झकास जुगाड."

रुचिराला घेतलं. ती मागे बसली. येताना भांडुपजवळ पाणी साचलं होतं. विकीने गाडी हळू केली.

आणि आवाज बदलला...

घर्र... घर्र...

छाती भरलेलं माणूस श्वास ओढतं, तसा.

"ओल्या हवेने होतं असं," विकी म्हणाला, पण त्याचं तोंड उतरलं होतं.

मग खोकला आला. थांबून थांबून. आणि शेवटी घशातून काहीतरी खाकरून वर ओढल्याचा तो घाणेरडा आवाज.

पाठोपाठ वास... बाम, मिश्री आणि शिळी थुंकी. मी ओढणीने नाक दाबलं.

"आई, कोण खोकतंय?" रुचिराने विचारलं.

विकीने गाडी एका पेट्रोल पंपाच्या छपराखाली घेतली. इंजिन बंद केलं. किल्ली काढून हातात घेतली.

घर्र... घर्र...

आवाज चालूच होता.

विकी खाली उतरला. बंपरखाली हात घालून त्याने कव्हर ओढून काढलं. त्याच क्षणी आवाज थांबला.

कव्हर कापडाचं होतं. बाहेरून पावसाने भिजलेलं. आतून मात्र... हिरवट, जाड कफ. विकीच्या बोटांवरून त्याची तार लोंबत होती.

"कोमट आहे गं," तो कसाबसा म्हणाला.

कापडावर भरतकामाचा पोपट होता. तो मी लगेच ओळखला.

आमच्या तळमजल्यावरच्या वनमालाकाकूंच्या उशीचा अभ्रा! काकू आदल्याच आठवड्यात दम्याने गेल्या होत्या. मी त्यांना डबा द्यायला जायचे, तेव्हा त्या त्याच उशीला टेकून बसलेल्या असायच्या. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, म्हणून त्यांच्या मुलाने गादी-उशी गेटबाहेर कचऱ्याच्या डब्याशी नेऊन टाकली होती.

"मेल्या, मयताच्या उशीचा अभ्रा काढलास तू?"

"फिल्टरवर बरोबर बसला ना वहिनी... धुतला होता मी."

त्याने तो तिथेच फेकला. मी वळून गाडीत पाहिलं.

मागच्या सीटवर रुचिरा खोकली...

त्या दिवसापासून ती पाऊस लागला की आडवी झोपत नाही. भिंतीला उशी लावून बसते. डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे, एक्स-रेही साफ आहे. विकीने इनटेक कधीच काढून टाकला. त्याने काहीही फरक पडला नाही.

परवा दुपारी जोराचा पाऊस होता. रुचिराने माझ्याकडे वाटी मागितली.

"राख घातलेली दे."

काकू थुंकायला उशाशी तशीच वाटी ठेवायच्या. रुचिरा त्यांच्या घरात कधी गेलीच नव्हती. मी वाटी दिली नाही.

तेव्हा तिने माझा हात ओढला... आणि तळवा तोंडाशी धरला.

मी हात मागे घेतला नाही. पोटची पोर आहे माझी. पण तेव्हापासून धुतेय हा हात, साबण संपत आलाय, आणि मिश्रीचा वास जात नाही.