लंबकाचे वीस झोके

भाषेच्या बाई धापा टाकत प्रयोगशाळेत पोचल्या, तेव्हा सगळ्या टेबलांवर जोड्या जमून गेल्या होत्या. रिकामं स्टूल एकच उरलं होतं, अगदी शेवटच्या टेबलापाशी, आणि शेजारी बसलेल्या सरांच्या गळ्यात चक्क शिट्टी होती.

"काढायची राहिली," बाईंची नजर ओळखून ते ओशाळले. "मी खेळ शिकवतो."

"मी भाषा. म्हणजे या टेबलावर विज्ञान कुणालाच येत नाही."

"बरंच झालं की... निदान भांडण तरी होणार नाही!"

बाईंना खुदकन हसू आलं. त्या आठवड्यातलं ते पहिलंच हसू होतं.

हसण्यासारखं होतं तरी काय? शाळेनं भाषेच्या तासिका कमी केल्या होत्या. वर्षअखेरपर्यंत विज्ञान-गणित शिकवण्याचं जादा प्रमाणपत्र मिळवा, नाहीतर अतिरिक्त ठरून दुसऱ्या गावी जा, असं दोन ओळींचं पत्र हातात पडलं होतं. घरी गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई. तिला कुठे आणि कशी हलवणार? म्हणून पाच दिवस मुलांना शिकवायचं आणि शनिवारी स्वतः मूल होऊन बसायचं, असं चाललं होतं. एकतिसाव्या वर्षीच बाईंना थकवा अंगात मुरल्यासारखा झाला होता.

वर्गही काय होता म्हणता! चाळीस मास्तर-मास्तरणी एका खोलीत कोंबल्यावर दुसरं काय होणार? मुलांना ज्यासाठी ओरडायचं, ते सगळं इथे बिनदिक्कत चाले. मागे कुजबुज, खिडकीबाहेर नजर आणि दर दहा मिनिटांनी 'हे परीक्षेला आहे का?' शिकवणाऱ्या प्रशिक्षिकेला सगळे पाठीमागे फूटपट्टी म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

तिसऱ्या शनिवारी बाईंचा डोळा लागला. जाग आली तेव्हा सर दोन्ही हातांनी एक भलंमोठं चंचुपात्र उचलून, फूटपट्टीबाईंना या बाजूचं काही दिसू नये अशा बेतानं धरून बसले होते.

"झोपले नव्हते मी," बाई कुजबुजल्या. "डोळे मिटून विचार करत होते."

"हो ना. फक्त जरा घोरत विचार करत होता."

बाई लाजल्या. दमलेल्या माणसाला कुणी न बोलता सांभाळून घेतलं की कसं भरून येतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं. पुढच्या शुक्रवारी वह्या तपासताना त्या स्वतःशीच म्हणाल्या, चला, उद्या शनिवार... आणि दचकल्याच.

सहाव्या शनिवारी लंबकाचा प्रयोग होता. एक मीटर दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, सोडायचा आणि वीस झोक्यांना लागणारा वेळ मोजायचा. सर झोके मोजत आणि घड्याळ सांभाळत. बाई वहीत लिहीत. पुस्तकाप्रमाणे साधारण चाळीस सेकंद यायला हवे होते. आले अडतीस. पुन्हा अडतीस. तिसऱ्यांदाही अडतीसच.

बाईंनी सरांकडे पाहिलं. दातांत जीभ धरून ते इतके मन लावून मोजत होते की, 'तुमचं चुकतंय' म्हणायला जीभ रेटेना. शिवाय सगळं पहिल्यापासून करायचं त्राण कुणात होतं? इतकी वर्षं लाल पेनानं दुसऱ्यांच्या चुका सुधारलेला हात आपसूक चालला. बाईंनी लिहिलं— चाळीस, एकोणचाळीस पूर्णांक नऊ दशांश, चाळीस पूर्णांक एक दशांश.

पुढच्या शनिवारी फूटपट्टीबाई वही घेऊन टेबलापाशी उभ्या. "करून दाखवा पुन्हा."

सरांनी मोजलं. अडतीस.

"मग हे चाळीस कुठून आले?"

नोकरी, आई, ते पत्र... सगळं बाईंच्या डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात सर म्हणाले, "मीच सांगितले बाई. माझ्याकडून गडबड झाली."

"पुढच्या शनिवारी मला दोन्हींचा उलगडा हवा. अडतीसचा आणि चाळीसचाही. नाहीतर ही वही रद्द."

बसथांब्यावर पावसाची भुरभुर होती. दोघं एकाच पत्र्याखाली, पण हातभर अंतर ठेवून उभे होते.

"माझे आकडे बदललेत तुम्ही," सर हळूच म्हणाले.

"चुकत होतं तुमचं."

"मग सांगायचं ना! मी काय रागावलो असतो?"

"दमले होते हो मी..."

"दमतो तर मीही, बाई. पण तुमच्याशी खोटं वागावंसं नाही वाटलं कधी." बस आली, बाई चढल्या, आणि त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर रडू फुटलं असतं.

बुधवारी बाई वर्गात फळ्यावर लिहीत होत्या. खाली मैदानावर त्यांच्या शाळेची कवायत चालली होती. "हात वर— एक! खाली— दोन!" बाईंचा खडू थांबला. कवायत एकापासूनच सुरू होते... पहिली हालचाल केली की एक! मधल्या सुट्टीत त्यांनी फोन लावला.

"सर, गोळा सोडताना तुम्ही काय म्हणता?"

"एक."

"पण तेव्हा झोका कुठे झालेला असतो?"

पलीकडे सर पुटपुटत मोजू लागले. मग, "अरे देवा... म्हणजे मी एकोणीसच झोके मोजत होतो?"

"हो. आणि सर... मला माफ करा."

"केलं कधीच," ते म्हणाले. "फोनची वाट बघत होतो नुसता."

शनिवारी सरांनी गोळा सोडला आणि मैदानावरच्या आवाजात ओरडले, "शून्य!" सगळा वर्ग हसला. वीस झोके, चाळीस सेकंद.

"अडतीस कळले," फूटपट्टीबाई म्हणाल्या. "आणि मागच्या वेळचे चाळीस?"

सर तोंड उघडणार तोच बाई उभ्या राहिल्या. "मी बदलले होते. सरांना माहीतही नव्हतं."

फूटपट्टीबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "खरं बोललात, वही रद्द करत नाही. पण या प्रयोगाला दोघांनाही गुण नाहीत. जोडीची वही एकच असते."

निकाल लागला. लेखी परीक्षेनं तारल्यामुळे बाई काठावर पास झाल्या. सर तीन गुणांनी गेले. त्यांना पुढच्या तुकडीत सहा शनिवार पुन्हा यायचं होतं.

"माझ्यामुळे," बाई पुटपुटल्या.

"माझं मैदान कुणी हलवत नाही हो. तुमची शाळा राहिली ना? झालं तर मग." ते हसले, थोडे घुटमळले. "बरंय... येतो."

मग दोन शनिवार बाई घरीच होत्या. तिसऱ्या शनिवारी नवी तुकडी सुरू होणार होती. बाई सकाळीच केस विंचरायला लागल्या.

"आज सुट्टी ना गं तुला?" आईनं पलंगावरून विचारलं.

"हो."

"मग ही तयारी कुणासाठी?"

"ते खेळाचे सर आहेत ना, आई..."

"केव्हापासून ऐकतेय खेळाचे सर, खेळाचे सर! जा आता. त्यांच्या शेजारी दुसरं कुणी बसायच्या आत जा."

व्हरांड्यात सर समोरून आले आणि बाईंना पाहून जागीच थबकले. "तुमचं नाव नाही यादीत..."

"माहितीये."

"मग?"

"मला तुम्ही आवडता," बाई म्हणाल्या. पाठ करून आणलेली सगळी वाक्यं त्या विसरून गेल्या होत्या. हे एवढंच उरलं होतं. "तुम्ही माझ्यामुळे नापास झालात म्हणून वाईट वाटतंय, ते वेगळं. हे... वेगळं आहे."

सर कानापर्यंत लाल होत म्हणाले, "गेले दोन शनिवार मी तुमच्या बसथांब्यावर उभा होतो. माझी बस तिथून सुटत नाही, बाई. कधीच सुटत नव्हती."

आतून फूटपट्टीबाईंचा आवाज आला, "सर, येताय की वर्ग बाहेर भरवू?"

"आलोच!" पण ते हलले नाहीत. खडूनं खरखरीत झालेला बाईंचा हात त्यांनी हातात घेतला. "दमलात?"

"खूप..."

"मग बसा इथे. वर्ग संपला की घरी सोडतो. आईंनाही भेटतो."

बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. चार तास वाट पाहायची होती, आणि त्यांना कुठेही जायची घाई नव्हती.