हरणीची ओटी

तासगावच्या एसटी स्टँडवर खांबाकडे तोंड करून एक तरुण माणूस भाषण ठोकत होता. अंगात खाकी, पायाशी वाटेतच टाकलेली बॅग, आणि आवाज असा की बेदाण्याच्या पेटीला टेकून डुलक्या घेणारा हमाल दचकून उठला.

"बंधुभगिनींनो, वन्यजीव हे राष्ट्राचे अमूल्य अलंकार होत! त्यांचे परिरक्षण हे..."

"अहो अलंकार," मागून एका तरुणीचा आवाज आला, "कुंडलची गाडी लागलीय. बॅग उचलता का वाटेतनं?"

तो गर्रकन वळला. अंजनानं पाहिलं — डोळे चांगले होते. आणि तेवढ्यामुळे तिला जास्तच राग आला.

गाडीत नेमकी त्याच्याच शेजारची जागा मिळाली. अर्ध्या उघड्या खिडकीतून द्राक्षमळ्यांचा ओलसर, गोड वास येत होता. तो खाकरला. "मी मानसिंग. इथला नवा वनपाल. आपण?"

"मी मास्तरीण. चुका काढते."

"माझ्या काढल्यात?"

"खडू पुरायचा नाही," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघून हसली. त्याला ते काचेत दिसलं, हे तिला उतरताना त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

कुंडलच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत अंजनाची वाडी. चैत्रात डोंगराईची यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी सगळी वाडी जाळी आणि कुत्री घेऊन पारधीला निघायची. पुरुष डोंगरात शिरले की घरोघर बायका पाट्यावर वाटण वाटायला बसायच्या. ससा, हरिण, जे सापडेल त्याचे वाटे व्हायचे. आता कायदा आला होता, आणि दुष्काळातून तगलेली हरणं मोजकीच उरली होती. पण पारधीचे म्होरके होते आप्पासो, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. आणि आप्पासो म्हणजे अंजनाचे सख्खे वडील!

मानसिंगनं चावडीत सभा घेतली. 'परिरक्षण' शब्द आला तेव्हा पुढचे दोन म्हातारे झोपले. 'जैविक समतोल' आला तेव्हा मागचे उठून तंबाखू मळायला बाहेर गेले. मग त्यानं जिल्ह्याहून सिनेमाची गाडी आणली. वाडी नटूनथटून जमली, आणि पडद्यावर दिसला चिखलात लोळणारा गेंडा. सिनेमा संपला तसे आप्पासो उठले.

"सायेब, आपल्या डोंगरात गेंडा न्हाई. पर आलाच, तर न्हाई मारत. शब्द देतो!"

वाडी खो खो हसली. अंजनाला मात्र हसू येईना. हा माणूस इतका प्रामाणिक आणि इतका कंटाळवाणा एकाच वेळी कसा असू शकतो, याचाच तिला वैताग आला होता.

दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या दारात उभा. चेहरा उतरलेला.

"बाई, पारध निघाली तर मला गुन्हा नोंदवावा लागेल. पहिलं नाव तुमच्या वडिलांचं."

"मग नोंदवा की," अंजना म्हणाली.

"मग... तुमच्या दारात कोणत्या तोंडानं येणार?"

"माझ्या दारात काय काम आहे तुमचं?"

तो कानापर्यंत लाल झाला. शब्द शोधू लागला. आणि सापडले ते हे — "ते... अनुकूल परिस्थिती प्राप्त झाल्यावर निवेदन करीन."

हातातलं डस्टर फेकून मारावं असं तिला वाटलं. प्रेमाचं चार अक्षरी बोलणं, तेही सरकारी टपालानं! पण फेकायच्या आधीच शाळेसमोरच्या कुत्र्यानं त्याच्या पॅंटला तोंड घातलं.

"आरं ए! सोड की, भाड्या! नवी इजार हाय माझी! माणसांत ऱ्हातुयास नव्हं? जरा तरी लाज धर की गड्या!"

कुत्रं चक्क ओशाळून बाजूला झालं. अंजना बघतच राहिली.

"हे कुठलं हो बोलणं?"

"कोरेगावचं," तो पुटपुटला. "घरचं."

"मग इतके दिवस कुठं दडवून ठेवलं होतं?"

"सरकारी माणूस असं बोलला तर लोक मान देत नाहीत... असं वाटलं."

"मिळतोय ना मान? म्हातारे घोरतात तुमच्या मानापुढं!" तिचा आवाज चढला. "आणि बोलता कुणाशी? नुसत्या बाप्यांशी. उद्या आमच्या राही वहिनीचं डोहाळजेवण आहे. सगळ्या बायका येणार. तुम्ही या."

"पुरुषाचं काय काम तिथं?"

"वनपाल म्हणून नका येऊ. कोरेगावचे म्हणून या, आणि सरळ बोला."

तो आला, पण हातात कागद होताच. अंजनानं तो स्वयंपाकघराच्या दारातच काढून घेतला.

"वाचणार?" त्यानं आशेनं विचारलं.

"चूल विझत आलीय," ती म्हणाली आणि कागद चुलीत सारला.

सोप्यात हिरव्या साडीत राही झोपाळ्यावर बसली होती. नवरा सयाजी, अंजनाचा भाऊ, दूर सीमेवर. अंगभर फुलांचे दागिने, आणि बायकांची थट्टा चाललेली. दाराशी खाकीतला माणूस दिसला तशी सगळी थट्टा थांबली. मानसिंगच्या हातात कागद नव्हता. त्यानं अंजनाकडं पाहिलं. तिनं नुसती मान हलवली.

"मला बोलाया येत न्हाई," तो म्हणाला. "बघितलं तेवढं सांगतो. सकाळी डोंगरात गेल्तो. करवंदीखाली एक हरणी बसली हुती. पोट पार खाली आलेलं. मला बघून उठली... जरा चालली आन् परत बसली. धाप लागली हुती तिला. मीच मागं फिरलो. पारधीला कुत्री सुटतील. बाकीची पळतील, आयांनो. तिला पळता यायचं न्हाई."

झोपाळ्याची कडी तेवढी वाजत होती.

"आमच्यात घरात गर्भार बाई असली की नवरा जीव मारत न्हाई. नारळबी फोडत न्हाई. तुमच्यात कसं हाय, मला ठावं न्हाई."

"आमच्यातबी तसंच हाय," अंजनाची आई लीलाबाई हळूच म्हणाल्या.

राहीनं आपल्या ओटीतले मूठभर गहू काढले आणि अंजनाच्या हातावर ठेवले. "वन्सं, हे करवंदीपाशी ठेवा तिच्यासाठी." लीलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग ताडकन म्हणाल्या, "पारधीदिवशी माझ्या घरात वाटण वाटायचं न्हाई!"

"माझ्याबी!" मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी कुणीतरी.

यात्रा पार पडली. पारधीच्या सकाळी पारावर जाळी पसरली, कुत्री ओढ घेऊ लागली. मानसिंग वेशीपाशी एकटाच उभा होता. शाळेची वाट सोडून अंजनाही तिथंच थबकली. आप्पा डोंगराकडं वळले तर सगळं संपलं, आणि ते तिला नको होतं. अगदी नको होतं.

आप्पासोंनी शिट्टी तोंडाला लावली आणि थांबले. काहीतरी चुकत होतं. एवढ्यात घरोघर लसूण-खोबरं भाजल्याचा वास सुटायचा, पाटे वाजायला लागायचे. आज वाडी चिडीचूप. ते तरातरा घरी गेले. धुतलेला पाटा भिंतीला उभा होता.

"वाटण कुठाय?"

"गाभण हरणीचं मटण ह्या घरात शिजायचं न्हाई," लीलाबाई म्हणाल्या. "पायजे तर तुमचं तुमी वाटा."

आप्पासोंनी सुनेकडं पाहिलं. राही डोक्यावरचा पदर सावरून खाली बघत होती. सुभेदारांनी बराच वेळ मिशी ओढली. मग पारावर येऊन ओरडले, "जाळी माळ्यावर टाका रं! कुत्री बांधा!"

आणि सगळा राग वेशीवरच्या खाकीवर निघाला. "हे असं आधीच बोलला असता, तर वाडीला त्यो गेंडा तरी बघाया लागला नसता की! आता आणिक काय पायजे तुमाला? एकदाच सांगा. पर मराठीत सांगा!"

मानसिंगनं एकदा अंजनाकडं पाहिलं. तिला वाटलं, आता 'सहकार्य' येणार.

"अंजना पायजे," तो म्हणाला.

आप्पासोंची मिशी हातातच राहिली.

"लगीन करायचं हाय तिच्यासंगं. तिची मर्जी असली तर."

"अहो!" अंजनाच्या कानांतून वाफा निघाल्या. "एवढं सरळ? सगळ्या वाडीसमोर? आधी मला तरी विचारायचं!"

"तुम्हीच म्हणालात, सरळ बोला."

"हरणांबद्दल म्हणाले होते मी, हरणांबद्दल!"

"भांडान नंतर करा," आप्पासो गरजले. "व्हय का न्हाई, तेवढं सांग पोरी. ऊन व्हायला लागलं."

सगळी वाडी तिच्याकडं बघत होती. तोही बघत होता, त्याच त्या डोळ्यांनी. साध्या मराठीतला एकच शब्द बोलायचा होता. तिनं मान खाली घातली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि पुटपुटली —

"अनुकूल परिस्थिती प्राप्त झाली आहे. निवेदन... मान्य आहे."

"म्हंजी काय?" आप्पासोंनी वैतागून विचारलं.

मानसिंग कानापर्यंत लाल होऊन हसला. "व्हय म्हणत्याती, आप्पा."